छोटा कवितासंग्रह स्वतः काढताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

स्वखर्चाने कवितासंग्रह काढू इच्छिणाऱ्या वाचकांना आम्ही गेल्या अंकात प्रश्न पाठवण्यास सांगितले होते. मुंबई आणि उपनगरांतून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे येथे निवडली आहेत. जागेअभावी ती संक्षेपाने दिली आहेत आणि पत्रलेखकांची नावे वगळली आहेत. उत्तरे देताना, मी स्वतः काढलेल्या दोन लहान संग्रहांचा अनुभव गाठीशी आहे.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो असून लालबागला राहतो. पस्तीस वर्षांत लिहिलेल्या सुमारे १२० कविता वह्यांमध्ये आहेत. सगळ्या एकाच पुस्तकात याव्यात, असा मुलांचा आग्रह आहे. हजार प्रती काढल्या तर प्रत बरीच स्वस्त पडेल, असे छापखान्याचे म्हणणे आहे. किती कविता घ्याव्यात आणि किती प्रती छापाव्यात?

उत्तर : चाळीस-बेचाळीस कविता निवडाव्यात, चौसष्ट पानांचे पुस्तक करावे आणि पहिल्या खेपेस २०० प्रती छापाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी निवडीविषयी. पस्तीस वर्षांतील कवितांमध्ये एकच भाव, एकच प्रतिमा, कधी कधी एकच शेवट पुन्हा पुन्हा येणे स्वाभाविक असते. वहीत ते खटकत नाही, कारण दोन कवितांमध्ये कदाचित चार वर्षे गेलेली असतात. पुस्तकात मात्र वाचक त्या दोन्ही दहा मिनिटांच्या अंतराने वाचतो. प्रत्येक कविता वेगळ्या कागदावर उतरवून घ्यावी, कागद जमिनीवर मांडावेत आणि एकमेकींसारख्या कवितांची एकेक चळत करून प्रत्येक चळतीतून एक, फार तर दोन कविता उचलाव्यात. हे काम एका बैठकीत उरकू नये. पंधरा दिवसांनी पुन्हा मांडले की पहिल्या वेळी भिडेपोटी ठेवलेल्या कविता आपल्या आपणच ओळखू येतात. प्रसंगपर कविता, म्हणजे कोणाच्या एकसष्टीला किंवा कार्यालयातील निरोप समारंभाला लिहिलेल्या, घरच्यांना प्रिय असतात. त्यांची छायाप्रत काढून घरच्यांना वेगळी द्यावी, संग्रहात घेऊ नये. निवड झाल्यावर सर्व कविता एखाद्या मित्राला मोठ्याने वाचून दाखवाव्यात. वाचताना जी ओळ आपण आपोआप घाईने उरकतो, तिथे काहीतरी सैल आहे असे समजावे.

चौसष्ट हा आकडा छापखान्याच्या हिशेबातून आला आहे. पुस्तक सोळा पानांच्या फर्म्यात, म्हणजे एका मोठ्या कागदावर छापून दुमडलेल्या सोळा पानांच्या संचात, छापले जाते आणि चार फर्म्यांची चौसष्ट पाने होतात. अर्धशीर्षक, शीर्षकपान, त्यामागचे श्रेयपान (प्रकाशक, मुद्रक यांची नावे असलेले पान), अर्पणपत्रिका, अनुक्रमणिका आणि मधली कोरी पाने धरून सुरुवातीची आठ पाने जातात. दोन पानांचे मनोगत लिहिले तर कवितांसाठी चौपन्न पाने उरतात. त्यांत तीस कविता एका पानाच्या आणि बारा कविता दोन पानांच्या, अशा बेचाळीस कविता नेमक्या बसतात. पासष्टावे पान झाले की पुढच्या फर्म्याचा खर्च सुरू होतो, म्हणून हा हिशेब अक्षरजुळणीला देण्याआधी घरीच करावा.

आता प्रती. ऑफसेट छपाईत प्लेट करण्याचा खर्च पहिली प्रत निघण्याआधीच होतो. तो हजार प्रतींवर विभागला की प्रत स्वस्त दिसते, आणि छापखान्याने आपल्याला सांगितले ते त्या अर्थाने खरेच आहे. मात्र प्रत स्वस्त पडली म्हणून एकूण बिल कमी होत नाही, आणि त्या प्रती ठेवायच्या कुठे हा प्रश्न छापखान्याचा नसतो. डेमी आकाराची (सुमारे साडेपाच बाय साडेआठ इंच) चौसष्ट पाने, ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) नॅचरल शेड कागद आणि ३०० जीएसएमचे मुखपृष्ठ असे धरले, तर एका प्रतीचे वजन सुमारे ९५ ग्रॅम भरते. हजार प्रती म्हणजे जवळजवळ ९५ किलो कागद. लालबागच्या घरात तो पलंगाखाली जाईल आणि पहिल्याच पावसाळ्यात दमट हवेने वाकू लागेल. मुखपृष्ठाला एकाच बाजूने लॅमिनेशन असते. आतली उघडी बाजू ओल शोषून फुगते आणि मुखपृष्ठ बाहेरच्या बाजूला वळते. त्याऐवजी डिजिटल छपाईने २०० प्रती काढाव्यात. तीच फाइल जपून ठेवली तर पुढे लागतील तशा आणखी काढता येतात. प्रतींचा आकडा ठरवण्यापूर्वी, आपण ज्यांना पुस्तक हातात देऊ किंवा टपालाने पाठवू अशा माणसांची नावे कागदावर लिहून पाहावीत. बहुतेकांची यादी दीडशेच्या आत संपते. त्या दीडशे जणांनी पुस्तक खरोखर वाचावे यासाठी जे करायचे, त्यावर उरलेला पैसा खर्च व्हावा : कागद बरा घ्यावा, मुद्रितशोधन (प्रूफ तपासणी) दोनदा करून घ्यावे.

एक सूचना राहिली. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला प्रकाशनासाठी अनुदान देते. मंडळाचे कार्यालय प्रभादेवीला, रवींद्र नाट्य मंदिराच्या इमारतीत आहे. ही योजना पहिल्या, अप्रकाशित पुस्तकासाठी असल्याने, स्वतः संग्रह काढण्याआधीच तिचे चालू नियम तिथे विचारून घ्यावेत.

प्रश्न : मी मुलुंडला शिक्षिका आहे. कविता मोबाइलवर टंकित करून अक्षरजुळणीला दिल्या. मुद्रित (प्रूफ) हाती आले तेव्हा अनेक जोडाक्षरे तुटली होती, ऱ्हस्व वेलांट्या भलत्याच अक्षरांवर गेल्या होत्या, ‘दऱ्या’चे ‘दर्या’ झाले होते आणि लांब ओळी मध्येच मोडल्या होत्या. चूक कोणाची आणि ती टाळायची कशी?

उत्तर : यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत.

मोबाइलवर आपण जे लिहितो ते युनिकोड, म्हणजे सर्व यंत्रांवर सारखीच चालणारी अक्षरसंकेत पद्धत, असते. काही ठिकाणी अजूनही श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीत पाने लावतात. तिथे प्रत्येक फाँटची सांकेतिक रचना स्वतःची असते आणि मजकूर तिच्यात रूपांतरित करताना काही अक्षरे गळतात. इनडिझाइन या पाने लावण्याच्या संगणक प्रणालीत थेट युनिकोड मजकूर लावला तर हा प्रश्न येत नाही, परंतु तिथे परिच्छेदासाठी ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ हा पर्याय निवडावा लागतो. तो न निवडल्यास आपण वर्णन केले आहे नेमके तसेच घडते : पाय मोडलेली अक्षरे सुटी होतात आणि वेलांटी जागा सोडते. अक्षरजुळणी करणाऱ्याला हा एवढा शब्द सांगितला तरी पुष्कळ दुरुस्त्या वाचतील.

फाँट निवडताना मराठी वळण पाहावे. आपला देठाचा ‘श’ आणि पाकळीचा ‘ल’ हिंदी वळणाच्या फाँटमध्ये वेगळे दिसतात, आणि मराठी कवितेचे पान त्यामुळे परके वाटते. ‘तिरो देवनागरी मराठी’ हा फाँट खास मराठी वळणाचा असून विनामूल्य मिळतो. मुंबईच्याच ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या गटाचा ‘मुक्त’ फाँटही विनामूल्य आहे. शीर्षकांना तो शोभतो. मजकुरासाठी मात्र मी तिरो घेईन, कारण कवितेच्या पानावर त्याचे जाड-बारीक रेषांचे अक्षर डोळ्याला ओळीवर रेंगाळू देते.

‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ ही चूक मात्र केवळ यंत्रावर टाकता येत नाही. चंद्रकोरीसारखा अर्धा ‘र’ आणि रफार यांतील फरक मराठीत अर्थ बदलतो. आचाऱ्यांना दिलेले मानधन आणि आचार्यांना दिलेले मानधन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शुद्धलेखन तपासणाऱ्या सोयीला दोन्ही शब्द बरोबरच वाटतात. म्हणून ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ असलेले आपल्या संग्रहातील सर्व शब्द वेगळ्या कागदावर लिहून काढावेत आणि प्रत्येक मुद्रितात ते एकेक करून पाहावेत. मुद्रिते स्वतः वाचताना आपले डोळे आठवणीतील ओळ वाचतात, छापलेली नव्हे. यावर जुना उपाय आहे तो असा : एकाने हस्तलिखितातून विरामचिन्हांसह मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने मुद्रितावर बोट ठेवून पडताळावे. शेवटचे मुद्रित एकट्याने तपासायचे झाल्यास शेवटच्या कवितेपासून पहिलीकडे यावे.

ओळींविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण कवितेच्या पुस्तकात सर्वाधिक हानी तिथेच होते. डेमी पानावर मजकुराची रुंदी साडेदहा सेंटिमीटरच्या आसपास मिळते. अभंग, ओवी, अष्टाक्षरी यांना ती भरपूर होते. मुक्तछंदातील लांब ओळीला आणि मोठ्या मात्रावृत्तातील गझलेच्या मिसऱ्याला, म्हणजे ओळीला, ती पुरत नाही. आपल्या संग्रहातील सर्वांत लांब ओळ शोधून काढावी आणि अक्षराचा आकार तिच्यावरून ठरवावा. तरीही ओळ मोडावीच लागली, तर खाली आलेला तुकडा चांगला आत सरकवून लावावा, म्हणजे ती नवी ओळ नसून मागच्या ओळीचे शेपूट आहे हे वाचकाला कळते. गझलेचा दोन ओळींचा शेर दोन पानांवर कधीही तोडू नये. दोन पानांची कविता नेहमी डाव्या, म्हणजे सम क्रमांकाच्या पानावर सुरू करावी, जेणेकरून ती उघड्या पुस्तकात एका नजरेत दिसेल. माझ्या पहिल्या संग्रहात एका कवितेचे शेवटचे दोन ओळींचे कडवे उजव्या पानाच्या मागे गेले. मुद्रित तपासताना मला ते खटकले नाही, कारण मला कविता पाठ होती. तीन वर्षांनंतर एका वाचकाने मनापासून विचारले की, ती कविता आपण अशी अधांतरी का सोडली. त्याने पान उलटलेच नव्हते, आणि उलटावे असे त्याला वाटण्यासारखे त्या पानावर काही नव्हते.

प्रश्न : आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक) नसल्यास पुस्तक बेकायदा ठरते का? तो क्रमांक विकत घ्यावा लागतो का? शिवाय कॉपीराइटची नोंदणी आधी करावी की नंतर? (बोरिवली)

उत्तर : आयएसबीएन सक्तीचा नाही, परंतु ग्रंथालयात आणि दुकानात नोंद करण्यासाठी तो उपयोगी पडतो. आपल्या देशात तो नवी दिल्लीतील राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून विनामूल्य मिळतो. स्वतःचे पुस्तक स्वतः काढणारा लेखकही ऑनलाइन अर्ज करू शकतो. त्यासाठी मध्यस्थाला पैसे देऊ नयेत. क्रमांक श्रेयपानावर आणि मलपृष्ठावर छापायचा असल्याने अर्ज छपाईच्या पुरेसा आधी करावा.

कॉपीराइट कविता लिहिली त्याच क्षणी आपला होतो. १९५७ च्या कायद्यात नोंदणी ऐच्छिक आहे. पुढे वाद झाल्यास पुरावा म्हणून ती कामाला येते, एवढेच.

खरी कायदेशीर जबाबदारी वेगळीच आहे आणि तिच्याविषयी क्वचितच कोणी विचारते. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार प्रकाशकाने प्रकाशनापासून तीस दिवसांच्या आत पुस्तकाची एकेक प्रत चार ग्रंथालयांना स्वखर्चाने द्यायची असते : कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचे कोनेमारा ग्रंथालय, दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय आणि आपल्या फोर्टमधील टाउन हॉलमधले मध्यवर्ती ग्रंथालय. स्वतः पुस्तक काढले की प्रकाशक आपणच. कायद्यातील दंड नाममात्र, पन्नास रुपयांपर्यंत आणि पुस्तकाच्या किमतीइतका आहे. परंतु दंडासाठी नव्हे, तर पन्नास वर्षांनी कोणी त्या पुस्तकाचा शोध घेतला तर ते कुठेतरी सापडावे म्हणून या चार प्रती आधी बाजूला काढून ठेवाव्यात. टाउन हॉलची प्रत चर्चगेट किंवा सीएसएमटीहून चालत जाऊन स्वतः द्यावी आणि पोच घ्यावी.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकतो, घाटकोपरला राहतो. एका प्रकाशनसंस्थेने माझा संग्रह ‘स्वीकारला’ असून पॅकेज म्हणून मोठी रक्कम मागितली आहे. करारात ‘सर्व भाषांतील व सर्व माध्यमांतील हक्क कायमस्वरूपी संस्थेकडे’ असे वाक्य आहे. घरून एवढे पैसे मिळणार नाहीत. काय करावे?

उत्तर : त्या वाक्याखाली सही करू नये. पैसे आपण द्यायचे, जोखीम आपण घ्यायची आणि हक्क मात्र दुसऱ्याकडे जायचे, याला कोणतेही न्याय्य कारण नाही. छपाईचा खर्च देणाऱ्या कवीने संस्थेला फार तर ठरावीक मुदतीसाठी छापण्याची आणि विकण्याची परवानगी लेखी द्यावी. हक्क हस्तांतरित करण्याची गरज नसते. ज्यांनी असा करार आधीच केला आहे त्यांच्यासाठी सांगतो : हस्तांतरण लेखी आणि सही केलेले असावे लागते. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरताच मानला जातो. आपल्या करारात ‘कायमस्वरूपी’ हा शब्द मुद्दाम घातलेला आहे, म्हणूनच तो धोक्याचा आहे.

पैसे नसताना पुस्तक काढण्याची मुंबईत मोठी परंपरा आहे. १९५४ मध्ये अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांनी ‘शब्द’ हे अनियतकालिक याच शहरात सायक्लोस्टाइल करून, म्हणजे स्टेन्सिलवरून प्रती उतरवून, काढले. पुढे १९७६ मध्ये कोलटकर, आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गिव्ह पटेल या चार कवींनी ‘क्लिअरिंग हाउस’ ही कवींची सहकारी प्रकाशनसंस्था उभारून इंग्रजी कवितांची पुस्तके स्वतःच काढली. आपणही वर्गातले तीन-चार कवी एकत्र यावे. प्रत्येकाची बत्तीस पानांची पुस्तिका करावी, चारही पुस्तिका एकाच दिवशी एकाच छापखान्यात द्याव्यात, म्हणजे कागद आणि मुखपृष्ठाचा खर्च वाटला जातो. बत्तीस पानांना मध्ये दुमडून दोन पिना मारलेली बांधणी पुरते. तिचे पान पूर्ण उघडते आणि ती घरीही करता येते. मुखपृष्ठासाठी अब्दुल रहमान स्ट्रीटच्या घाऊक बाजारातून रंगीत कार्डशीट आणावी, त्यावर एकाच काळ्या रंगात नाव छापावे. चांगल्या अक्षरातले नाव आणि भरपूर मोकळी जागा असली की अशी पुस्तिका देखणी दिसते.

विक्रीबद्दल आपण विचारलेले नाही, तरी सांगून ठेवतो. दादरच्या दुकानांत प्रती विक्रीसाठी ठेवायच्या तर छापील किमतीचा तिसरा हिस्सा ते निम्मी रक्कम विक्रेत्याची असते, आणि पैसे प्रत खपल्यानंतर मिळतात. किंमत ठरवताना हे धरावे, आणि ठेवलेल्या प्रतींची सही-तारखेसह पावती घ्यावी. पिनांच्या बांधणीला कणा नसतो, त्यामुळे कपाटात उभी पुस्तिका दिसत नाही. दुकानदाराने ती गल्ल्यापाशी आडवी ठेवावी, अशी नम्रपणे विनंती करावी. बाहेरगावी पाठवण्यासाठी टपाल खात्याची १ मे २०२५ पासून सुरू झालेली ‘ज्ञान पोस्ट’ सेवा स्वस्त आहे. ३०० ग्रॅमपर्यंतचे पाकीट २० रुपयांत, कर वेगळा, जाते. पुस्तकावर मुद्रकाचे किंवा प्रकाशकाचे नाव छापलेले असणे तिथे आवश्यक असते, म्हणून श्रेयपान पुस्तिकेतही वगळू नये.

प्रश्न : आमची आई गिरगावच्या चाळीत चाळीस वर्षे राहिली. गेल्या वर्षी ती गेली. तिच्या ट्रंकेत दिनदर्शिकेच्या पानांमागे लिहिलेल्या साठेक कविता सापडल्या. माहेर मालवणकडचे, त्यामुळे पुष्कळ शब्द मालवणी आहेत. आम्ही तीन भावंडे आहोत. धाकट्या भावाला हे घरचे खासगी लेखन छापणे पसंत नाही. भाषा शुद्ध करून छापावे, असे मोठ्या भावाला वाटते. काय योग्य?

उत्तर : आपले पत्र मी अनेकदा वाचले. आधी कायद्याचे सांगतो. आईने मृत्युपत्राने ही हस्तलिखिते कोणा एकाला दिली असतील, तर विरुद्ध इच्छा नोंदलेली नसल्यास अप्रकाशित कवितांचा कॉपीराइटही त्याच्याकडे जातो. मृत्युपत्र नसेल तर तो वारसांचा सामाईक आहे, आणि धाकट्या भावाच्या लेखी संमतीवाचून पुस्तक काढू नये. लेखकाच्या पश्चात प्रथमच प्रकाशित होणाऱ्या लेखनाला प्रकाशनाच्या पुढील वर्षारंभापासून साठ वर्षे संरक्षण मिळते, त्यामुळे घाई करण्याचे काही कारण नाही. तोवर प्रत्येक पानाची दोन्ही बाजूंनी स्कॅन प्रत काढून तिघांकडे ठेवावी. पाठीमागची तारखांची बाजूही घ्यावी, कारण कविता कोणत्या महिन्याच्या पानावर लिहिली आहे यावरून तिचा काळ लागू शकेल.

धाकट्या भावाचा आक्षेप मला रास्त वाटतो आणि त्यावर मार्गही आहे. ज्या कविता आईने कोणाला कधी ऐकवल्या, म्हणून दाखवल्या किंवा नीट अक्षरात पुन्हा उतरवून ठेवल्या, त्या तिने वाचकासाठी लिहिल्या असे धरण्यास आधार आहे. ज्यांवर काट मारली आहे किंवा ज्यांत घरातील माणसांची दुखणी थेट आली आहेत, त्या घरीच राहाव्यात. कोणत्या कविता वगळायच्या याचा निर्णय धाकट्या भावावर सोपवून पाहावा. नकाराचा अधिकार हाती आला की माणूस बहुधा अधिक कविता वाचतो.

भाषेला मात्र हात लावू नये, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये गेल्या आणि त्यांची गाणी त्यांचे पुत्र सोपानदेव यांच्यामुळे १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली, ती त्यांच्या खानदेशी बोलीसकट. ती प्रमाण मराठीत आणली असती तर त्यांतला ताल आधी गेला असता आणि मग अर्थ. आपल्या आईने ‘माका’ लिहिले असेल तर ‘मला’ छापू नये, कारण वृत्तातील मात्रा आणि तिचा आवाज दोन्ही त्या शब्दात आहेत. अपरिचित शब्दांचे अर्थ शेवटच्या दोन पानांवर द्यावेत, कवितेच्या पानावर तळटीप नको. उघड लेखनदोष, म्हणजे एखादा सुटलेला अनुस्वार, दुरुस्त करण्यास हरकत नाही. परंतु काय दुरुस्त केले ते मनोगतात एका वाक्यात सांगावे.

पन्नास प्रती पुरेत. एका कवितेचे मूळ पान, आईच्या हस्ताक्षरासह, जसेच्या तसे छापावे. ज्या कवितांचा काळ लागला त्यांखाली महिना आणि वर्ष द्यावे, आणि ज्यांचा लागला नाही त्यांखाली अंदाजाने काही न लिहिता ‘तारीख नाही’ असे छापावे.